तात्यांनी न घेतलेलं मशीन

तात्यांच्या हातात लग्नपत्रिका दिली, तर ते आधी तारीख बघत नसत. पत्रिका चिमटीत धरायची, डोळे मिटायचे, कडेकडेने बोटं फिरवायची आणि निकाल द्यायचा, "डाव्या अंगाला जाड हाय." हाच न्याय पोस्टकार्डाला, भाकरीला. एकदा एका विमा एजंटाने आपलं कार्ड पुढे केलं, तर म्हणाले, "पावणं, तुमचं कार्ड काय एकसारखं न्हाय." तो बिचारा विम्याचं नाव न काढताच परतला.

तात्या आमचे शेजारी. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी गडहिंग्लजला दिलेली. चांदीचे दागिने घडवायचा त्यांना नाद होता. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका कारागिराच्या ओट्यावर बसून, नुसतं बघून ते शिकलेले. पण हातोडीने ठोकून काढलेला त्यांचा पत्रा कुठे जाड, कुठे पातळ यायचा. मुलीला लग्नात त्यांनी स्वतः घडवलेली जोडवी घातली होती. त्यातल्या एकाची कड तिच्या बोटाला कापली. "पोरगी बोलली न्हाय रं. लंगडताना मीच बघितलं," एवढं सांगून ते विषय बदलत.

आता मुलीला सातवा महिना होता. बारशाला आजोळहून बाळाचे वाळे जातात. ते आपल्या हातचे, आणि या खेपेला एकसारख्या जाडीचे, हा तात्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी पत्रा काढायचं हातमशीन हवं होतं. दोन पोलादी रूळ, बाजूला दांडा. मधून पट्टी फिरवली की सपाट पत्रा निघतो. गुजरीतल्यासारखं मशीन त्यांच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. माझे वडील उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात लेथवर होते, तिथल्या मिस्त्रींनी मात्र एक स्वस्तातलं मशीन बनवून ठेवलं होतं.

ते बघायला तात्या तीनदा गेले. रुळावर हळूच कानस घासून खरचटतंय का पाहिलं. दोन्ही रूळ टेकवून पलीकडून बॅटरी मारली आणि फटीतून उजेड येतो का पाहिलं. दांडा फिरवताना तर मशीनला कान लावून बसले.

मिस्त्री वैतागले. "तात्या, मशीन घेताय का पोरगी बघाय आलाय?"

"पोरगी बघाय एवढा वेळ लावला न्हवता," तात्या म्हणाले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला बरोबर नेलं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून तात्या मला नावाने न बोलावता 'कॉलेज' म्हणत. सरांना विचारून मी प्रयोगशाळेतलं जाडी मोजायचं स्क्रूगेज एका दिवसापुरतं आणलं होतं.

तात्यांनी चांदीची पट्टी मशीनमधून काढली, कात्रीने एका बाजूची कड सरळ कापली, चिमटीत धरून डोळे मिटले. चेहरा खुलला. "एकसारखा! आता कॉलेजचा शिक्का मारा."

वडील चिंधीला हात पुसत आले. येताना आणखी तिघांना घेऊन आले. मी डावी कड मोजली, मग उजवी. उजवी किंचित जाड भरली. पुन्हा मोजली, तरी तेच. खरं तर मला नीट खात्री नव्हती, आणि तसं म्हणायला हवं होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तात्या, उजवीकडे जाड येतंय," मी म्हणालो.

तात्यांनी पट्टी पुन्हा चिमटीत धरली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. म्हणाले, "कॉलेज म्हणतंय तर ऱ्हाऊ द्या, मिस्त्री." आठवड्याभरात ते मशीन हुपरीच्या एका कारागिराने नेलं.

तात्या बाजारचे वाळे घेऊन बारशाला जाऊन आले. त्यानंतर एका प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "कात्रीने कापलेली कड वर उचललेली असते. ती घासल्याशिवाय जाडी मोजायची नाही." मी उजवीकडे मोजलेली कड नेमकी तीच, कापलेली होती.

कित्येक दिवस मी तात्यांना टाळलं. शेवटी गेलो आणि सगळं सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "ठावं हाय की. तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का नाही?"

"तुझा बाप तिघांस्नी घिऊन हुबा हुता. तुझ्याकडं कसा बघत हुता, तू बघितलं न्हाईस." तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाले, "मशीन काय, घावंल दुसरं."

नात चालायला लागली, तरी दुसरं मिळालं नाही.

वडील अजून ती गोष्ट सांगतात. घरी कुणी आलं की चहा होईपर्यंत सांगून होते : मिस्त्रींचं खोटं मशीन पोरानं कसं एका मिनिटात पकडलं. मला ते कधी थांबवता आलं नाही. तात्या तिथे असले, तर बशीत चहा ओतत मान डोलावतात.

"व्हय व्हय," म्हणतात, "पोरानं वाचवलं की मला."