टेप खोटं बोलत नाही

पाहणीला निघायच्या सकाळीच आरोग्यसेवकाचा सरकारी टेप सापडेना. शेवटी त्याने बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातला एक टेप उचलून खिशात घातला. बायको आंघोळीला गेली होती, त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही. विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण बायकोला विचारावं, ही बुद्धी नवऱ्यांना नेहमी उशिराच सुचते.

काम तसं साधं होतं. वॉर्डातले किती आजार माणसांनी विडी-तंबाखू, मीठ, साखर आणि बसून राहणं यांपायी स्वतःच ओढवून घेतलेत, याचा अंदाज काढायचा. त्यासाठी घरोघर सवयी विचारायच्या, रक्तदाब घ्यायचा आणि कंबर मोजायची. आरोग्यसेवक कित्येक वर्षं हंगामीच होता. ही पाहणी नीट झाली तर कायम करू, असा शब्द मोठ्या साहेबांनी दिला होता, त्यामुळे त्याने अगदी जीव ओतून मोजायला घेतलं. सुरुवात स्वतःपासूनच केली. कंबर छत्तीस इंच भरली. वाईट वाटलं, पण त्याने इमानदारीत लिहिली.

पहिला वाद न्हाव्याच्या दुकानात झाला. न्हावी म्हणजे काडीपैलवान.

"चौतीस? माझी?" न्हाव्याने कात्री खाली ठेवली. "अहो, पट्ट्याला आता भोक पाडायला जागा उरली नाही माझ्या!"

"आतली चरबी असते. बाहेरून दिसत नाही."

"आत तरी कुठे ठेवली असेल मी?"

"हे बघा, माणूस खोटं बोलतो. टेप खोटं बोलत नाही."

त्या दिवसापासून गिऱ्हाईक नसलं की न्हावी आरशासमोर आडवा उभा राहून स्वतःला न्याहाळू लागला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळे आकडे संगणकात भरले आणि कपाळाला हात लावला. "या हिशोबाने काही वर्षांत निम्मा वॉर्ड मधुमेहाचा आणि उरलेला हृदयाचा! मग पेशंटला भेटायला तरी कोण येणार?" अहवाल वर गेला. कधी नव्हे तो वॉर्ड कशात तरी पहिला आला होता. मोठे साहेब स्वतः धावत आले. सकाळी सगळ्यांनी चालायचं, गोडधोड बंद, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी, असं ठरलं.

"उतरल्या कंबरा, तर तुम्ही कायम," ते आरोग्यसेवकाला म्हणाले. "नाही उतरल्या, तर बघू."

लोक घाबरले होते, त्यामुळे खरंच चालू लागले. मात्र घरातल्या डब्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. आरोग्यसेवक दारात दिसला की लोक बिस्किटांचे पुडे त्याच्या हातात कोंबत. "घरात राहिलं तर खाल्लं जाईल हो. तुम्ही लावा विल्हेवाट." बेकरीवाला तर रोज उरलेले केक बांधून द्यायचा. आरोग्यसेवकावर लहानपणापासून एकच संस्कार पक्का होता, अन्न टाकू नये. त्याने टाकलं नाही.

दुसऱ्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी खणातून टेप काढताना त्याने बायकोला सहज सांगितलं, "तुझा हा टेप उद्या पुन्हा लागेल. मागच्या वेळचाच हवा."

"कुठला?" तिने त्याच्या हातातला टेप पाहिला. "अगंबाई, हा नेला होतात? याचं टोक झिजलं म्हणून मी तीन इंच कापून टाकलंय की! हा तीनपासूनच सुरू होतो."

"मग तू मोजतेस कशी?"

"तीन वजा करते. त्यात काय एवढं?"

आरोग्यसेवकाने टेपचं टोक डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? पॅन्ट दोनदा सैल करून दिली, तेव्हाही काही विचारलं नाहीत."

आता इकडे आड, तिकडे विहीर. चालून तर कुणी बारीक झालेलं दिसत नव्हतं; जुन्याच टेपने मोजावं तर कंबरा होत्या तिथेच दिसणार आणि नोकरी जाणार. नव्या टेपने मोजावं तर सगळा वॉर्ड एका झटक्यात बारीक, तोही खोटाच. सकाळी डॉक्टरबाईंना सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून तो दवाखान्यात गेला. तिथे मोठे साहेब आधीच हजर होते आणि डॉक्टरबाईंच्या हातात कोरा करकरीत सरकारी टेप होता.

"मॅडम, मला जरा बोलायचं होतं..."

"नंतर. आज मी मोजणार, तुम्ही फक्त लिहा."

त्याने लिहिलं. न्हावी, तीन इंच कमी. बेकरीवाला, तीन इंच कमी. बेकरीवाल्याची सासू, साडेतीन. साहेबांचा चेहरा फुलत गेला. "सगळे एकसारखे! याला म्हणतात शिस्त!" त्यांनी आरोग्यसेवकाची पाठ थोपटली, आणि त्याच्या तोंडापर्यंत आलेलं सत्य परत पोटात गेलं. तिथे आधीच बरीच गर्दी होती.

"चला, आता तुमची," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेप त्याच्याभोवती फिरवला. मग चष्मा सावरून पुन्हा फिरवला. "छत्तीस. साहेब, मागच्या वेळीही छत्तीसच होती."

"अख्खा वॉर्ड उतरला आणि तुम्ही जागचे हलला नाहीत?" साहेबांनी मान हलवली. "दिव्याखाली अंधार! कायमच्या कागदावर सही करतो मी. पण तुमचे हे तीन इंच उतरले की मगच."

"साहेब, माझी उतरायची कशी... म्हणजे मुळात ती तेव्हा..." एवढं बोलून आरोग्यसेवक थांबला. पुढचं बोललं की नोकरीच जाणार होती.

रांगेत पट्टा आवळत उभ्या असलेल्या न्हाव्याला त्याची फार दया आली. जवळ येऊन त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका. उद्यापासून या सकाळी आमच्याबरोबर चालायला," तो म्हणाला. "पण वाद घालू नका. टेप खोटं बोलत नाही."