परवडणाऱ्या बियांची घरगुती समिती

पत्राला उत्तर न देण्याची सभ्य कारणं दोनच असू शकतात. एक, पत्र लिहिणारं माणूस आता हयात नाही. किंवा दोन, त्यानं लिहिलं आहे ते खरं आहे. माझी थोरली बहीण ठणठणीत आहे.

ताईचं पत्र गेल्या हिवाळ्यात आलं. (एकाच शहरात राहून ती पत्र लिहिते. फोनवर समोरचा मध्ये बोलतो, असं तिचं म्हणणं आहे.) मजकूर असा होता: ‘रविवारी तुझ्याकडे प्यायलेली कॉफी करपलेलं पातेलं रात्रभर भिजत घालावं तशी लागली. यंत्र चांगलं आहे. तूही तसा वाईट नाहीस. बिया वाईट आहेत. स्वस्त घे, माझी ना नाही, पण थोड्या घे आणि ताज्या घे. यावर तुझं म्हणणं काय ते कळव. कळवेपर्यंत मी यायची नाही.’

ताई दर रविवारी येत असे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, माझ्या हातातलं पुस्तक काढून घेई, शेवटचं पान वाची आणि खुनी कोण ते सांगून टाकी. त्या पत्रापासून माझ्या सगळ्या पुस्तकांचे शेवट सुरक्षित आहेत. वाचनात मात्र काही राम राहिलेला नाही.

मग उत्तर का दिलं नाही? मी जन्मभर ग्रंथालयात सूचीकार होतो. ‘बिया वाईट आहेत’ हे विधान सूचीकार आहे तसं स्वीकारत नाही. ते कोणत्या विषयाखाली घालायचं हे तो आधी ठरवतो. शिवाय मला माझ्या जिभेचा भरवसा नाही. तसा मला कशाचाच नाही. बाहेर पडताना कुलूप लावलं की मी ते ओढून बघतो आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांनाही ओढून बघायला सांगतो. तेव्हा रीतसर चौकशी होईपर्यंत ताईला काही कळवणं घाईचं ठरलं असतं.

घरच्या एस्प्रेसोसाठी बिया निवडताना पहिली अट अशी, की त्या परवडणाऱ्या असाव्यात. ‘परवडणारी’ या शब्दाची व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, म्हणून मीच केली. जिची किंमत बायकोनं पहिल्यांदा विचारताच सांगता येते, ती बी परवडणारी. ‘तुला किती वाटते?’ असं आधी विचारावं लागलं, तर ती महाग.

या व्याख्येत चोख बसेल अशी एक गोणी मी घाऊक बाजारातून आणली होती. किलोमागे दर इतका कमी, की ती न घेणं हीच उधळपट्टी झाली असती. दर कपामागे आमची बचत होई, आणि बचत वाढावी म्हणून आम्ही कप वाढवले. गोणी पलंगाखाली असे. बिया कधी भाजल्या याची तीवर नोंद नव्हती. (जुन्या वस्तूंना वय विचारू नये, असं माझं मत होतं.) ताईचा आक्षेप होता तो याच गोणीवर.

चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्षपदी बायको, कारण बैठक तिच्या स्वयंपाकघरात होती. तज्ज्ञ सदस्य जावई, कारण कॉफी पिताना ते डोळे मिटतात. तटस्थ सदस्य म्हणून खालचे शिंपी. कपाला नाही म्हणताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. मुलगी टिपणं घेणार होती आणि मी यंत्र चालवणार होतो.

बरण्या चार. ‘अ’मध्ये गोणीतल्या बिया. ‘ब’मध्ये जावयांनी आणलेल्या (पाकिटावरची किंमत त्यांनी नखानं खरवडून काढली होती, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून). ‘क’मध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, लहान पाकीट, मधली किंमत, त्याच आठवड्यात भाजलेल्या. ‘ड’ रिकामी होती. परंतु बरण्या चारांच्या संचात येतात, आणि संचातली एकच रिकामी बरी दिसत नाही. म्हणून माझ्या टेबलावरच्या पेल्यातल्या बिया मी तीत ओतल्या. मुलीनं कॉलेजात असताना पेनं उभी राहावीत म्हणून त्या पेल्यात भरल्या होत्या. आता तिला केस पिकल्याची काळजी वाटते. हे मी कोणालाही सांगितलं नाही. चौकशी निःपक्षपाती हवी.

तक्त्यावर तीन रकाने होते: चांगली, बरी, वाईट.

‘अ’ आली. ‘‘छान आहे, बाबा,’’ जावई म्हणाले. ‘‘छानच!’’ शिंपी म्हणाले. ‘ब’ छान होती. ‘क’ही छान होती. मग ‘ड’ आली. जावयांनी डोळे मिटले.

‘‘व्वा! बाबा, ही कुठून आणलीत? शेवटी असा जुन्या कागदासारखा वास रेंगाळतो बघा.’’

‘‘शाईसारखा?’’ मी भीत भीत विचारलं.

‘‘शाईच म्हणा ना! खानदानी कॉफी आहे.’’

‘‘आमच्याकडे असलं काही मिळत नाही हो,’’ शिंपी म्हणाले. ‘‘अर्धाच कप दिलात, साहेब.’’

‘‘फारच छान आहे,’’ बायको जावयांकडे बघून म्हणाली.

मीही छान म्हणालो. बिया पेनांच्या पेल्यातल्या आहेत हे घरात फक्त मला माहीत होतं. पण तिघं म्हणताहेत म्हटल्यावर चूक माझ्या जिभेची असणार, हे उघड होतं.

तक्त्यात ‘वाईट’च्या रकान्यात एकही खूण नव्हती. तिथे कॉफीचा एक थेंब सांडलेला आढळला. तो मत म्हणून धरावा की डाग म्हणून, यावर चर्चा होऊन डाग म्हणून धरला. ‘ड’ प्रथम आली.

पाहुणे गेल्यावर मी कप गोळा केले. सगळे रिकामे होते. खिडकीतली कुंडी मात्र काठोकाठ भरली होती. कुंडीतलं झाड समितीवर नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर कसलाही दबाव नव्हता. दोन दिवसांत त्यानं सगळी पानं टाकली. इतकं स्पष्ट मत आमच्या घरात ताईनंतर कोणी दिलं नव्हतं.

‘‘कुंडीत कोणी ओतली?’’ मी बायकोला विचारलं.

‘‘माझी मी ओतली. बाकीच्यांचं मला माहीत नाही. रांग होती.’’

‘‘मग छान का म्हणालीस?’’

‘‘अहो, जावयांसमोर वाईट म्हणू?’’

‘‘आता ते नाहीत. आता सांग.’’

‘‘आता सांगते. तुमच्या गोणीतली पहिल्या दिवसापासून वाईट आहे.’’

‘‘आणि इतके दिवस बोलली नाहीस?’’

‘‘विचारलंत कधी? तुम्ही कप हातात देऊन ‘छान झालीय ना?’ म्हणता. त्याला काय उत्तर असतं?’’

मी अहवाल लिहायला घेतला. प्रस्तावना, व्याख्या, तक्ता, डागाबाबत खुलासा, झाडाचं मत. बायको मागे उभी राहून वाचत होती.

‘‘हे वन्संना पाठवणार?’’

‘‘सविस्तर असावं म्हणून—’’

‘‘वन्सं यायच्या तेव्हा पुस्तक लपवून ठेवायचात. आता रविवारी पुस्तक उघडं टाकून खुर्चीकडे बघत बसता. दोन ओळी लिहा आणि टाकून या. मी कुंडीत नवं झाड लावतेय, तेवढ्यात.’’

मी लिहिलं: ‘ताई, कॉफी वाईट होती. ‘क’ बरणीतल्या बिया थोड्या आहेत आणि अजून ताज्या आहेत. त्या शिळ्या व्हायच्या आत, म्हणजे येत्या रविवारी ये. मी एक रहस्यकथा अर्ध्यावर ठेवली आहे.’

त्यानंतर ही सगळी हकीकत लिहून काढली आणि समितीला वाचून दाखवली. ती छान आहे असं एकमतानं ठरलं. आता तुम्हीही वाचलीत. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, आणि तुमच्या चांगुलपणाबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. तुमच्या घरची कॉफीसुद्धा मला नेहमी छानच लागते.

म्हणून इथवरच्या मजकुराची एक प्रत ताईच्याच पाकिटात घातली, जास्तीचं तिकीट लावलं आणि पाकीट पेटीत टाकलं. ते खरंच आत पडलं का, हे शिंप्यांना वाकून बघायला सांगितलं.

‘‘पडलं, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘छान पडलं.’’