फोनमधली बाई गप्प झाली

माझ्या फोनमध्ये जी बाई बोलते तिचं तोंड कायमचं बंद करायचं, असा निर्णय मी गेल्या महिन्यात घेतला. स्वतःच्या बुद्धीनं घेतला. (बायकोला विचारून घेतलेल्या निर्णयांचा मला चांगला अनुभव आहे. ते बरोबर ठरतात.)

मी रामकिसन. केजच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. फोन नवा होता, बोलून कामं करणारा. हौसेनं मी त्याची भाषा मराठी केली, तेव्हापासून ती बाई आमच्यात राहायला आली. पण तिचा स्वभाव जरा विचित्र होता. बोलावलं की यायची नाही आणि न बोलावता मध्ये पडायची. मी दूधवाल्याशी बोलत असलो की ही खिशातून सांगणार, ‘दुधाबद्दल मला हे सापडलं.’ दूधवाला दोन दिवस माझ्या खिशाकडं संशयानं बघत होता. तिथवर मी सहन केलं.

मग आमच्या संस्थेचे एक जुने विश्वस्त वारले. शनिवारी कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य गहिवरून बोलले आणि शेवटी म्हणाले, “आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.” दोनशे माणसं उभी राहिली. पंखे तेवढे फिरत होते. अर्धं मिनिट झालं असेल, आणि माझ्या खिशातून स्वच्छ, शुद्ध, प्रेमळ आवाज आला :

“मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल का?”

दोनशे माना वळल्या. मी खिशावर हात दाबला आणि दातांतल्या दातांत म्हणालो, “गप! गप!”

“नक्की!” बाई म्हणाली. “गप्पा मारायला मला आवडेल. कशाबद्दल बोलू या?”

पुढचं दीड मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. दुःखाचा प्रसंग असल्यामुळं प्राचार्य मला काही बोलू शकले नाहीत. पण मानेनं त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारचं जेवण झाल्यावर मी पलंगावर मांडी घालून बसलो आणि फोनच्या सेटिंगमध्ये शिरलो. बंद करायची बटणं शोधत शोधत मी इतका आत गेलो, की परत यायची वाट सापडेना. एक बटण दिसलं, दाबलं. ते चुकीचं होतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसांसाठी फोनमध्ये एक सोय असते, पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची. ती चालू झाली. म्हणजे आजवर अधूनमधून बोलणारी बाई आता सतत बोलायला लागली.

मी बोट लावलं की ती म्हणे, “मागे जा. बटण.” मी मागे जायला गेलो तर मागे जाईना. “सुरू करण्यासाठी दोनदा टॅप करा.” दोनदा टॅप केलं. तिनं कॅमेरा उघडला आणि माझा घाबरलेला चेहरा मला दाखवला. “एक चेहरा,” ती म्हणाली.

वनमाला, म्हणजे माझी पत्नी, भांडी घासता घासता स्वयंपाकघरातून ओरडली, “कोण बाई आलीय हो?”

“कुणी नाही!” मी म्हणालो आणि चप्पल घालून थेट बसस्टँडजवळ अशफाकचं मोबाइलचं दुकान गाठलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. अशफाकनं फोन हातात घेतला आणि नेमका तेव्हाच वनमालाचा मेसेज आला. बाईनं तो सगळ्यांना वाचून दाखवला : “न सांगता कुठं गेलात. येताना दही आणा. मागच्यासारखं आंबट नको. दुकानदारानं दिलं म्हणून मुकाट्यानं घेऊ नका, चव घेऊन आणा. विसराल, मला माहीत आहे.”

चारही गिऱ्हाइकं अदबीनं दुसरीकडं बघायला लागली.

अशफाकनं वाचून दाखवायची सोय एका झटक्यात बंद केली. मग म्हणाला, “सर, दुसरीचं काय करू? बोलून काम करती ती? निस्ती आवाज देती ते बंद करू, का तिला ऐकूच येऊ नाय आसं करू?”

“ऐकूच नको येऊ.”

“घरात कुनी वापरत आसलं तर इचारून घ्या एकदा.”

“अरे, कोण वापरणार?” मी हसलो. “वनमालाचा फोन वेगळा. आणि सासूबाई आल्यात डोळ्याच्या ऑपरेशनला. त्या तर फोनला हात लावायच्या आधी पदराला हात पुसतात. आमच्या घरात फोनशी बोलतंय कोण!”

अशफाकनं बाईचे कान बंद केले. मी दही घेऊन घरी गेलो. (ते आंबट निघालं.)

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. छबुबाई त्यांचं नाव. घाटनांदूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर आमच्याकडं आल्या होत्या. सासरे, आप्पा, म्हशीसाठी गावीच राहिले. छबुबाईंना अक्षरओळख नाही. काळा चष्मा लावून त्या दिवसभर खिडकीजवळच्या खाटेवर बसायच्या. मी समोर आलो की पदर सावरायच्या, आणि मला काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायच्या.

आठवडा फार शांत गेला. सोमवारी, मंगळवारी खिशातून एक शब्द नाही. बुधवारी प्राचार्य स्वतःहून हसले. गुरुवारी ऐन कामात आप्पांचा फोन आला. आप्पा कधी फोन करत नाहीत. त्यांच्या बटणाच्या फोनवर आलेला घेता येतो, लावायचा म्हणजे शेजारचं कुणीतरी गाठावं लागतं.

“पाव्हनं, मी बोलतो. सगळं बरं हाय का?”

“हो हो, मस्त. आप्पा, जरा कामात आहे, मग करतो.”

“बरं बरं,” आप्पा म्हणाले.

‘मग करतो’ हे वाक्य मी दिवसातून तीसेक वेळा म्हणतो. त्यातले एक-दोन फोन पुढं होतातही. हा झाला नाही. घरी सांगायचंही राहून गेलं.

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला मी दाढी करत होतो. दारात जीप थांबल्याचा आवाज आला. दार उघडलं तर आप्पा. पांढरं धोतर, हातात तुपाची बरणी आणि चेहरा असा की मला ती बरणी घ्यायचंही सुचेना. ते आत येईनात. उंबऱ्याबाहेरच उभं राहून हळू आवाजात म्हणाले :

“पाव्हनं, खरं सांगा. डोळा गेला का?”

“कुणाचा?”

“तुमच्या सासूचा.”

“छे हो आप्पा! उलट छान दिसायला लागलंय. कोण म्हणालं तुम्हाला?”

“म्हनायचं कुनी? रोज सकाळी फोन यायचा. सा दिस झाले, न्हाई. बिस्तरवारी मी शेजारच्या आसारामकडून लावून घेतला, तर तुमी म्हनलाव कामात हाय, मग करतो. मानूस आसं कवा म्हनतंय? कायतरी दडवायचं आसल तवाच. मला तीन दिस भाकर गोड लागली न्हाई.”

माझ्या एका गालाला साबण तसाच होता. “रोज सकाळी फोन? कुणाचा?”

तेवढ्यात वनमाला पिठाचे हात घेऊन बाहेर आली. “आप्पा! तुमी कावून आलाव एकदम? म्हस कुनाला बघाया सांगितली?” तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मागं वळली. दाराआड काळा चष्मा चमकला.

“आई, तू रोज आप्पाला फोन लावायचीस?”

“रोज कुटं?” छबुबाई भिंतीला म्हणाल्या. “म्हस दूध काय देती, येवढंच इचारायला.”

“म्हणजे रोज.”

उलगडा झाला तो असा. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्यात फोनला म्हणालो होतो, ‘आप्पाला फोन लाव,’ आणि तो लागला होता. छबुबाईंनी ते ऐकून ठेवलं. माझ्या फोनला कुलूप नाही, कारण मला आकडे आठवत नाहीत. रोज सकाळी मी आंघोळीला गेलो आणि वनमाला स्वयंपाकाला लागली, की छबुबाई चार्जिंगला लावलेल्या फोनपाशी जायच्या आणि म्हणायच्या, “बाई, आप्पाला लावता का जरा?” बाई लावून द्यायची. पोरगी हसेल म्हणून पोरीला सांगितलं नाही. पासष्टाव्या वर्षी नवऱ्याला रोज फोन, म्हणजे लोक काय म्हणतील!

“मग आता सा दिवस कावून नाही लावलास?” वनमालानं विचारलं.

छबुबाईंचा आवाज खाली गेला. “ती बाई बोलंना नव्हं मपल्याशी. आईतवारी मी तिला म्हनले, आवं हळू बोला, पाव्हनं न्हानीतून आयकतील. त्येचा राग आला आसंल तिला. तवापून रोज इनवनी केली. हात जोडले. चुकलं माकलं पोटात घाला म्हनले. न्हाईच बोलली. मंग मला वाटलं, परक्या बाईला तरी किती तरास द्यायचा.”

कुणी हसलं नाही. मला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. रोज सकाळी मी भिंतीपलीकडं बादलीभर पाणी अंगावर घेत गाणं म्हणत होतो, आणि इकडं एक म्हातारी बहिऱ्या फोनपुढं हात जोडून उभी होती.

“पण मला का नाही सांगितलं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“सांगितलं की,” छबुबाई म्हणाल्या. “मंगळवारी जेवताना म्हनले, फोनातली बाई बोलत न्हाई. तुमी ‘हं’ म्हनलाव. सुक्करवारी पुन्हा म्हनले. तवा बी ‘हं’ म्हनलाव. मला वाटलं, तुमाला ठाऊक हाय आन तुमचा इलाज न्हाई.”

मला ते दोन्ही ‘हं’ आठवले. दोन्ही वेळा मी भाकरी मोडत होतो.

“मी एकोणीस वर्षं ‘हं’ ऐकतेय,” वनमाला म्हणाली. “मी कुठं रुसले?” आणि पोळ्या करायला निघून गेली.

मी उरलेली दाढी करताना आरशात बघत होतो. ‘मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का?’ हे फोननं दोनशे माणसांत विचारलं म्हणून मला केवढी लाज वाटली होती. हे वाक्य मी या घरात शेवटचं कधी म्हणालो होतो, ते काही केल्या आठवेना. विचारात गालही कापला.

बाहेर वेगळीच अडचण उभी राहिली होती. आप्पा दाराजवळच्या खुर्चीवर, छबुबाई खाटेवर, आणि दोघांनाही बोलता येईना. फोनवर रोज बोलणारी माणसं समोरासमोर आल्यावर लाजून गप्प झाली होती. मी आत आलो तसे आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, “म्हस लाथ मारायली म्हनावं. हिच्याबिगर धार देत न्हाई.”

मी छबुबाईंकडं वळून म्हणालो, “म्हैस लाथ मारतेय.”

“मपलं जुनं लुगडं पांघरून बसा म्हनावं धारंला,” छबुबाई भिंतीला म्हणाल्या. “वासानं गप उभी ऱ्हाती.”

मी आप्पांना सांगितलं.

“बसतो म्हनावं. गोळ्या येळंवर खाती का इचारा.”

“खाते म्हनावं. आन सांजच्याला भाकर कोन करतंय, त्ये इचारा.”

अर्धा तास मी त्या दोघांमधला फोन झालो होतो. एकही निरोप चुकवला नाही. मध्येच एकदा आप्पा म्हणाले, “घर लई मोठं लागाया लागलंय म्हनावं,” तेव्हा मात्र मी सांगितलं नाही. तेवढं त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं होतं, आणि ते ज्यांना पोचायचं त्यांना पोचलं होतं. छबुबाईंनी चष्म्याखालून पदर फिरवला. डोळ्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं, पण स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्या वनमालानं तिला अडवलं नाही.

धारेची वेळ गाठायची म्हणून आप्पा जेवून लगेच परत निघाले. जीपपर्यंत मी पोचवायला गेलो.

आल्यावर फोन घेऊन बसलो. या वेळी वनमाला शेजारी बसली होती, त्यामुळं बटणं बरोबर सापडली. बाईचे कान उघडले. शेवटी पडद्यावर आलं : ‘मालकाचा आवाज ओळखता यावा म्हणून तीनदा हाक मारा.’ म्हणजे ती यापुढं वाटेल त्याचं ऐकून मध्ये पडणार नाही. हे मला आधी कळलं असतं तर! मी घसा साफ केला, पण वनमालानं फोन काढून घेतला आणि आईपुढं धरला.

छबुबाईंनी डोक्यावर पदर घेतला. हात जोडून, एखाद्या मोठ्या घरी वर्दी द्यावी तशी तीनदा हाक मारली.

“धन्यवाद,” बाई म्हणाली. “आता मी तुम्हाला ओळखते.”

“बोलली गं!” छबुबाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून हसल्या.

संध्याकाळी मला वाटलं, आप्पा नीट पोचले का विचारावं. मी फोनपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, “आप्पाला फोन लाव.”

“माफ करा,” बाई म्हणाली. “मला तुमचा आवाज ओळखता आला नाही.”

मी पुन्हा म्हणालो. जरा मोठ्यानं. पुन्हा तेच.

छबुबाई खाटेवरून उठल्या, माझ्या आणि फोनच्या मध्ये आल्या, तिला हाक मारली आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “बाई, आसं करू नका. त्ये आमचं जावई हायती. मानूस चांगला हाय. निस्तं ऐकू कमी येतं.”

बाईनं क्षणभर विचार केला. बारीक दिवा लुकलुकला.

“माफ करा,” ती म्हणाली, “याबद्दल मला काहीही सापडलं नाही.”