सुर्वेभावजींचा जास्तीचा तास

ये गं मुक्ता, अशी माझ्याजवळ बस. तू डब्लिनला, मी सिंगापुरात पासिर रिसला, तरी बस म्हणते. कान धरायला बरं पडतं. परवा फोनवर काय म्हणालीस? "काकू, बाबांना आता माझ्यासाठी वेळच नाही." बापाला असं बोलतात का गं? आणि तेही अशा बापाला, ज्याच्या घरात वेळेशिवाय दुसरं काही नाहीच!

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहितेय, म्हणजे चार माणसं वाचतील. त्यांच्यासाठी सांगते. सुर्वेभावजी आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे. पस्तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता निवृत्त. मुक्ता त्यांची एकुलती एक लेक, आयर्लंडमध्ये नर्स आहे. तिची आई गेली त्याला सहा वर्षं झाली. झालं, एवढंच कुटुंब.

तर हे सुर्वेभावजी वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, सकाळी नऊला घराबाहेर येतात. अंगात जहाजावरचा जुना बॉयलर सूट, म्हणजे गळ्यापासून पायापर्यंतचा कामाचा पोशाख, कडक इस्त्री केलेला. पोटावरचं बटण लागत नाही, तिथे सेफ्टी पिन. पायात लोखंडी टोकाचे बूट, खिशात बॅटरी. कॉरिडॉरच्या कठड्यापाशी दहापर्यंत ताठ उभे. बोलत नाहीत, बसत नाहीत. दहा वाजले की आत जातात आणि लुंगी नेसून पेपर वाचतात.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तीन वर्षांपूर्वी. हातात चकल्यांची ताटली होती. म्हटलं, "भावजी, पाइप फुटला का कुठे?"

"वॉचवर आहे, वहिनी. ड्यूटी चालू आहे. दहानंतर."

चकलीला "दहानंतर" म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्या मनात नाही नाही ते आलं.

येण्याला कारणही होतं. घड्याळ हा त्यांचा जुना दुखरा दात. तिकडे युरोपात मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे ढकलतात आणि ऑक्टोबरमध्ये मागे ओढतात, त्यावर हे इथे सिंगापुरात बसून तळमळायचे. "आपल्याकडे बघा! दिवाळी असो की होळी, सूर्य सातच्या आसपासच उगवतो. इथल्या लोकांनी घड्याळ कायमचं पुढे सरकवलं आणि मोकळे झाले. काय ते एकदा ठरवा म्हणावं! माणसाला काय चावी आहे पाठीत?"

आमची नात ईशा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आजोबा, फोन आपोआप चेंज होतो लाह. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

"फोनचे पाय दुखतात का गं उभं राहून?" ते म्हणाले. तेव्हा मला ते बोलणं बिनबुडाचं वाटलं होतं.

त्यांच्या चहाचीही तीच तऱ्हा. मुक्ता सुट्टीच्या दिवशी तिच्या सकाळच्या नऊला फोन करते. उन्हाळ्यात ते आपले चार होतात आणि हिवाळ्यात पाच. म्हणून यांचा चहा चारवरून पाचवर न्यायचा. पण एकदम नाही! सोमवारी चार दहा, मंगळवारी चार वीस, असं करत शनिवारी पाच. "इंजिन असो की माणूस, झटका द्यायचा नाही, वहिनी." चहाला जोडीला मी असते, त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या पोटालाही कळत नाही की भूक कधी लागायची.

तर चकलीचं पाहिल्यावर मी त्यांना नोव्हेना भागातल्या डॉक्टरकडे नेलं. विसरण्याचा आजार वगैरे नसेल ना, हे बघायला. त्यांना सांगितलं, माझे गुडघे दाखवायचेत, सोबत चला. तिथे गेल्यावर त्यांनाच पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी गोड आवाजात विचारलं, "अंकल, आता किती वाजलेत सांगाल?"

भावजी म्हणाले, "कुठले?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"इथले अकरा वीस. डब्लिनला पहाटेचे तीन वीस. आणि सूर्याचे विचाराल, तर साडेदहाच्या आसपास. यातले कुठले लिहायचेत?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "आंटी, अंकलचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय. तुमचे गुडघे मात्र आलाच आहात तर बघून घेऊ या."

खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कॉफी घेतली. मी शरमले होते. पण ते चिडले नाहीत. बशीत कॉफी ओतली, फुंकर मारली आणि आपणहून बोलले.

"जहाज पश्चिमेला चाललं की घड्याळ तासभर मागे घ्यावं लागतं. म्हणजे त्या रात्री कुणाची तरी ड्यूटी तासभर वाढणार. खाली इंजिनरूममध्ये, त्या उकाड्यात! मग आम्ही तो तास तीन पाळ्यांत वाटून घ्यायचो. वीस, वीस आणि वीस मिनिटं. अख्खा तास एकट्यावर टाकायचा नाही, हा धर्म."

त्यांनी बशीतला एक घोट घेतला आणि पुढे म्हणाले,

"मुक्ता एकदा हसत हसत बोलून गेली. बाबा, काल घड्याळ मागे गेलं, माझी बारा तासांची रात्रपाळी तेरा तासांची झाली. हसत सांगितलं तिने. पण वॉर्डात तो तास वाटून घ्यायला कोण आहे, वहिनी? हिशेब केला. तिचा तो जास्तीचा तास म्हणजे आपले रविवारचे नऊ ते दहा. म्हटलं, आपण घरी रिकामेच असतो."

"पण वाटून घ्यायचा तर वीस मिनिटं उभे राहा. तासभर कशाला?"

"वीस माझी. वीस तिच्या आईची, ती आता मीच करतो."

"आणि उरलेली वीस?"

"ती मुक्ताची." बशी खाली ठेवली. "पण पोर आहे हो. तिचीही मीच करतो."

मी म्हटलं, "याने तिचं काम हलकं होतं का, भावजी?"

"नाही होत. म्हणून तर म्हणतो, ही घड्याळाची ओढाताण बंद करा. पण जोवर चालू आहे, तोवर उभा राहणार." मग म्हणाले, "तिला सांगू नका. हसेल, नाहीतर रडेल. ड्यूटीवर दोन्ही वाईट."

मी शब्द दिला होता. आज मोडते आहे, आणि का ते तुला कळलंच असेल.

गेल्या ऑक्टोबरात मी त्यांना म्हटलं, मुक्ताच्या आईची वीस मिनिटं यंदा माझी. खुर्ची घेऊन गेले तर म्हणाले, "खुर्ची नाही. वॉचवर बसत नाहीत." राहिले बाई उभी! नऊ वीसला आत टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. वाजतोय, वाजतोय. मी म्हटलं, "भावजी, घ्या की." ते जागचे हलले नाहीत. "वॉचवर फोन नाही." बंद झाला. पुन्हा वाजला.

दहाला आत गेले, चष्मा लावला आणि फोन उघडून पाहिला. दोन्ही फोन तुझे होते, मुक्ता. त्या जास्तीच्या तासात तुझ्या सोबतीला कुणी नव्हतं म्हणून तू मधल्या सुट्टीत बापाचा आवाज ऐकायला फोन केलास, आणि बाप तुझ्यासाठीच उभा होता, म्हणून त्याने तो घेतला नाही. असा घोटाळा आमच्या भावजींनाच जमतो.

नंतर फोनवर तुझी गाठ पडली तेव्हा तू विचारलंस, कुठे होतात? पस्तीस वर्षं जहाजांवर काढलेला हा चीफ इंजिनिअर लहान पोरासारखा खोटं बोलला, "पाय मोकळे करत होतो." तू "बरं" म्हणालीस. तेव्हापासून तुझा फोन महिन्यातून एकदा येतो. ते मात्र पाचचा चहा रोज पाचलाच घेतात, आणि फोन उजव्या हाताशी ठेवतात. मार्च आला की दहा-दहा मिनिटांनी चारवर येतात. फोन नसला तरी.

म्हणून लिहिलं. आता माझ्यावर रागावू दे त्यांना, चकल्या दिल्या की निवळतात.

तू असं कर. यंदा रजा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टाक आणि ये. तू घरात असलीस तरी ते बॉयलर सूट घालून बाहेर जाणार, हे लिहून घे. म्हणतील, मुक्ता इथे आहे, म्हणजे तिच्या वॉर्डात आज दुसऱ्या कुणाची तरी पोर उभी असेल. जाऊ देत. तू फक्त त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहा आणि तुझ्या आईची वीस मिनिटं घे. माझ्या गुडघ्यांना यंदा नाही झेपायचं. ये गं लवकर.