येसूबाईंचा एकच भाव

घरात सुक्या बोंबलांच्या सात टोपल्या, पाऊस महिन्यावर आणि हिनाच्या मोबाइलवर मेसेज : ‘दिशाभूल करणाऱ्या व्यवहारामुळे आपले जाहिरात खाते स्थगित करण्यात आले आहे.’ हिनाने तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदाही तो तसाच निघाला, तेव्हा ती सासूला सांगायला ओट्यावर गेली.

सांगणं सोपं नव्हतं. बोंबील ऑनलाइन विकायची कल्पना हिनाचीच. बोईसरची मुलगी, लग्नाआधी तारापूरच्या एका कारखान्यात ऑफिस सांभाळलेली. सातपाटीत आल्यावर तिने येसूबाईंना पटवलं, की पालघरच्या बाजारात टोपली घेऊन उन्हात बसायची गरज नाही, गिऱ्हाईक आता फोनवर येतं. येसूबाईंनी तीस वर्षं राखलेली बाजारातली जागा शेजारच्या ठकीला देऊन टाकली. ठकी स्वभावाने चांगली, पण घेतलेली वस्तू परत केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

"बंद म्हंजे किती बंद?" येसूबाईंनी विचारलं.

"सगळंच, आई. जाहिरात कोणाला दिसणारच नाय."

"आनि ह्या सात टोपल्या? पावसाची ओल लागली का कुत्रा विचारनार नाय."

हिनाचा नवरा नीलेश बोटीवर होता आणि बातमी कळल्यावरही त्याने परतायची घाई केली नाही. मग हिनाने बोईसरहून भाऊ मितेशला बोलावलं. मितेशला कॉम्प्युटरमधलं कळतं, असं तो स्वतःच सांगत असे. त्याने निदान केलं, की दोरीवर उलटे टांगलेले बोंबील पाहून कंपनीचं मशीन घाबरलं असणार. त्याने जाहिरातीतला बोंबलांचा फोटो हटवून तिथे येसूबाईंचा फोटो टाकला आणि अर्ज केला. अर्ज चार मिनिटांत फेटाळला गेला. येसूबाईंनी तो अपमान मनावर घेतला आणि मितेशला चहा न देता वाटेला लावलं.

दुसऱ्या अर्जात हिनाने सरळ लिहिलं, की आमचं काय चुकलं तेवढं तरी सांगा. त्यावर पहिल्यांदा माणसाने लिहिल्यासारखं उत्तर आलं. जाहिरातीतल्या नंबरवर प्रतिनिधी फोन करील आणि पडताळणी करील.

हिना दोन दिवस फोनजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी धंद्याच्या नोंदणीचा दाखला आणायला तिला पालघरला जावंच लागलं. तसे मेसेज हिना बघे आणि गिऱ्हाइकांचे फोन येसूबाई घेत, हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. तेव्हा कंपनीचा फोन आला तर नीट बोला, एवढं बजावून ती गेली.

दाखला घेऊन ती परतली, तेव्हा येसूबाई ओट्यावर पाय पसरून फोनवर बोलत होत्या. पलीकडचा आवाज एका मुलीचा होता आणि स्पीकर चालू होता.

"काकू, तुम्ही किलोला नऊशे सांगताय. जाहिरातीत तर सहाशे लिहिलंय."

"मंग तू सहाशे बोल ना. तू सहाशे बोल, मी सहाशेला देते. मी पयल्यांदीच सहाशे सांगू तर तू काय, चारशेला नेशील?"

मग ती मुलगी म्हणाली, "मी कंपनीतून कीर्ती बोलतेय. तुमच्याविरुद्ध अकरा तक्रारी आहेत."

हिनाने आणलेला दाखला घडी करून पिशवीत घातला. येसूबाईंना मात्र आता कुठे उलगडा झाला. मुंबईची अकरा माणसं नऊशे ऐकून फोन ठेवून गेली होती. ती कमी भाव बोलायला पुन्हा फोन करतील, म्हणून येसूबाई वाट बघत राहिल्या होत्या आणि भाव न करता पळणारी माणसं कसली, म्हणून त्यांना हसल्याही होत्या.

कीर्तीने समजावलं, की यालाच दिशाभूल म्हणतात आणि नियमाप्रमाणे खातं सहा महिने बंद राहील.

"सहा महिने लय होतात. दोन दिस कर."

"काकू, यात भाव होत नाही."

"बरं, तीन दिस."

"कमीत कमी म्हणजे तीस दिवस करता येतील."

येसूबाईंचे डोळे चमकले. सहा महिन्यांवरून जो तीस दिवसांवर येतो, तो तिथेच थांबत नाही, हे त्यांना बाजारात तीस वर्षं बसून पक्कं ठाऊक होतं. त्या निवांतपणे म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे. बंदच ठेव. ठेवते मी फोन." हिनाने दोन्ही हात जोडले, पण येसूबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा काकू," कीर्ती म्हणाली. "पहिलीच चूक आहे, म्हणून सात दिवस. पण लेखी हमी पाहिजे, की यापुढे एकच भाव."

"घेतलं," येसूबाई म्हणाल्या.

ते सात दिवस हिनाने सासूची तालीम घेतली. येता-जाता ती भाव विचारी. येसूबाईंच्या तोंडून आधी ‘न’ निघे आणि मग मोठ्या कष्टाने ‘सहाशे’ बाहेर पडे. सातव्या दिवशी ते सरळ निघालं, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी खातं उघडलं आणि तासाभरात पहिला फोन आला.

"सहाशे. एकच भाव," येसूबाई म्हणाल्या.

"साडेपाचशेला द्या ना. दोन किलो घेते."

आवाज ओळखीचा होता. "तू कंपनीची कीर्ती ना गो?"

"हो, पण आज गिऱ्हाईक आहे. पावणेसहाशे?"

येसूबाईंना अगदी भरून आलं. इतक्या दिवसांनी भाव करणारं माणूस भेटलं होतं आणि नेमकी भाव करायचीच बंदी होती. "नाय बाय. लिवून दिलंय मी."

"मग राहू दे. ठेवते मी फोन," कीर्ती निवांतपणे म्हणाली.

येसूबाईंनी हिनाकडे पाहिलं. हिनाने मान हलवून नको म्हटलं.

"थांब. भाव सहाशेच. पन वर मूठभर जवला टाकते, बारकी सुकी कोलंबी."

"दोन मुठी."

"दिल्या," येसूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून कौतुकाने हिनाला सांगू लागल्या, की पोरगी हुशार हाय, लवकर शिकली.

त्याच दुपारी हिनाने जाहिरातीत एक ओळ वाढवली : ‘भाव एकच. वरच्या जवळ्याचं फोनवर ठरेल.’ त्यानंतर फोन लांबत गेले. लोक अर्ध्या मुठीसाठी पाव तास बोलू लागले आणि येसूबाईंना पुन्हा दोन वेळचं जेवण जाऊ लागलं. सातही टोपल्या पावसाच्या आत संपल्या. घरातला जवळा मात्र त्याआधीच संपला, म्हणून तो विकत घ्यायला येसूबाई पालघरच्या बाजारात गेल्या आणि आपल्याच जुन्या जागेसमोर उभ्या राहिल्या.

ठकीने त्यांना जवळ्याचा दुप्पट भाव सांगितला.