एका खुंट्याला दोन जहाजं

आमच्या वडगाव रासाईत म्हैस संध्याकाळी आपल्या गाठीनं बांधावी आणि सकाळी ती सोपानआबांच्या गाठीनं बांधलेली सापडावी, हे नेहमीचंच होतं. आबा पहाटे फिरायला निघत. वाटेत दावं, कासरा, कपडे वाळत घालायची दोरी, काहीही दिसलं की थांबत आणि गाठ सोडून पुन्हा बांधत. एकदा त्यांनी भीमेच्या काठावरची नाव अशी बांधली की नावाड्याला ती सुटेना, आणि पलीकडे दौंडच्या बाजूला अख्खं वऱ्हाड उन्हात ताटकळलं. शेवटी आबांना घरून बोलावून आणलं. त्यांनी दोन बोटांनी एक टोक ओढलं आणि गाठ सुटली.

"गाठ मारताना सोडनाऱ्याचा इचार करायचा आसतो," ते म्हणाले.

"आन् तुमी केला व्हय?" नावाडी म्हणाला.

मुंबईच्या बंदरात तीस वर्षं नोकरी करून आबा गावी परतले होते. आल्या आल्याच गावानं त्यांना 'कप्तान' करून टाकलं. आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली भीमा. त्यामुळे समुद्राबद्दल आबा बोलतील ते खरं धरावं लागे. पत्नी वारली होती, मुलंबाळं नव्हती. सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर बसायचं आणि दूध घालायला येईल त्याला एक योजना ऐकवायची, हा त्यांचा नेम.

"दुधाची सोसायटी हाय, पान्याची हाय, मग समुद्राची का नसावी? मुंबई, कोलंबो, मोंबासा, समदी बंदरं सभासद. एकाचं जहाज अडलं तर दुसऱ्यानं धावायचं. मासळी समद्यांनी बेतानं धरायची."

"चेअरमन कोन?" डेअरीतले शंकरमामा मापं धुता धुता विचारत.

"चेअरमन नगं. म्हनून तर टिकंल."

"बिनचेअरमनची सोसायटी? आबा, खारं पानी लई पिलाय तुमी."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कॉलेजला निघालो तेव्हा माझी वळकटी आबांनीच बांधून दिली होती. वसतिगृहात ती मला दोन दिवस सोडता आली नाही आणि मी उघड्या फरशीवर झोपलो. पण ती बांधून देताना त्यांनी जी माया दाखवली, ती विसरणं शक्य नव्हतं. पुढे मी जवळच्याच हायस्कुलात शिक्षक झालो, आणि भूगोलात बंदरांचा पाठ आला तेव्हा उपकार फेडायची संधी आली असं मला वाटलं. हेडसरांना मी सांगितलं, "आमच्या गावात जगभर फिरलेले कप्तान आहेत."

आबा मात्र नको नको म्हणत राहिले. "मास्तर, म्या काय बोलनार? ऱ्हाऊ द्या." मी तो विनय समजलो आणि आठ दिवस त्यांच्या मागे लागलो. हेडसरांनी शनिवारी सगळी शाळा एकत्र बसवली आणि फळ्यावर रंगीत खडूनं 'सागरी कप्तान यांचे स्वागत' असं लिहिलं. आबा इस्त्रीचा सदरा घालून आले. पिशवीत दोराचे दोन तुकडे होते.

सुरुवात चांगली झाली. धक्क्यावरचे लोखंडी खुंटे आपल्या आज्याहून म्हातारे आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग आठवीतली सुरेखा उभी राहिली.

"आबा, तुमी जहाजातून कुठंकुठं गेला?"

आबांनी एकदा फळ्याकडे पाहिलं.

"कुठंच न्हाई, बाळ. जहाज आलं की दोर खुंट्याला बांधायचा, निघालं की सोडायचा. तीस वर्सं त्योच धंदा केला."

मागच्या रांगांत खुसखुस झाली. हेडसर माझ्याकडे बघू लागले, मी खिडकीबाहेर बघू लागलो.

आबांनी पिशवीतून दोर काढले, दोन्हींच्या टोकाला मोठे फास केले आणि सुरेखालाच पुढे बोलावलं. "हात वर कर. तू खुंटा." एक फास तिच्या मनगटात घातला. "हे रशियाचं जहाज. आता आलं कोलंबोचं, आन् खुंटा एकच. ह्याचा फास वरून टाकला तर खालचं अडकलं. म्हनून ह्यो त्याच्या फासातून खालून वर घ्यायचा आन् मग खुंट्यात घालायचा. आता कुनीबी आधी जाऊ द्या, दुसऱ्याचं सुटत न्हाई." दोन पोरांना त्यांनी दोर काढून बघायला लावले. एकाचा निघाला, दुसऱ्याचा राहिला. मग दोर पुन्हा घालून दुसऱ्याचा काढला, पहिल्याचा राहिला. मागची खुसखुस थांबली होती.

"फुडं म्हनं दोर बांधायला यंत्र येनार. येऊ द्या. पर एका खुंट्यावर दोघांनी ऱ्हायाचं कसं, ते त्याला बी कुनीतरी शिकवावंच लागंल."

घंटा झाली तरी पोरं उठेनात. हेडसरांचाही हात पुढे आला होता, खुंटा व्हायला.

परतताना मी माफी मागितली. म्हटलं, "आबा, मला ठाऊक नव्हतं."

"कप्तान म्या कवा म्हनलो व्हतो? गाव म्हनलं. एवढ्या वर्सांत कुनी इचारलंच न्हाई, आबा, तुमी काय करत व्हता? त्या पोरीनं इचारलं."

वेशीपाशी ते थांबले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, दोर जहाजावरून खाली कसा टाकत्यात, ते सांगायचं ऱ्हायलं. उद्या येऊ का?"

उद्या रविवार होता. मी म्हणालो, "या."