चिंचेत न्हालेला राजा

"सारिका, कितली हिरवी बुरशी चढेल व्हती, माय! चिंच लाईसन एक नानं लख्ख करी दिन्हं. बाकीना आत्ते घासस," आई ओट्यापाशी कौतुकाने म्हणाली.

सारिका ओट्याकडे धावली. सणाला घरात कानबाई देवी बसणार म्हणून आईने घरातलं सगळं तांबं-पितळ घासायला काढलं होतं, आणि त्यातच झुलाल आबांच्या डबीतलं पुरातन नाणं! शेजारच्या आबांनी तांब्याच्या जुन्या नाण्यांची ती डबी मोठ्या विश्वासाने दिली होती. उद्या शाळेच्या प्रदर्शनात सारिका पहिल्यांदाच माईकवर बोलणार होती, आणि विषय होता, नाण्यावरचा हिरवा थर का जपावा!

"बूट पॉलिश फास, परत जुनं दिसेल," धाकट्या कुंदनने सुचवलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं. तिने फासलं. नाण्यावरचा राजा काळाकुट्ट झाला आणि घमघमायला लागला.

तेवढ्यात आबाच दारात. त्यांनी नाणं हुंगलं. "बूट पॉलिश लावून हा राजा कोणत्या शाळेत जातो गं?"

सारिकाने रडत-रडत सगळं सांगितलं. आबा मऊ फडक्याने पॉलिश टिपत म्हणाले, "हा थर म्हणजे मळ नाही, पोरी. शेकडो वर्षं मातीत राहून आलेली कातडी आहे ती. आतलं तांबं तीच सांभाळते. एकदा सोलली की संपलं."

"मी उद्या बोलत नाही, आबा."

"बोलायचं. आणि हेही मांडायचं, डबीतल्या हिरव्या नाण्याच्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी सारिका छान बोलली. पण एका पाहुण्यांनी चकचकीत नाणं उचललं. "हे कोणी केलं?"

सारिकाने माईक खाली घेतला. आईचं नाव घ्यायचं कसं?

मागच्या रांगेतून आईच उठली. "मी करं! चमकनं खरं, पन राजानं तोंडच पुसाई गयं. तुमना घरमा आसं नानं व्हई ते घासू नका, बहिनीस्वन! धूळ झटका नि ठी द्या."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. मग काय, बायकांचा घोळका आईभोवती! "ताई, आमच्याकडे सासऱ्यांचं एक आहे, त्याला साबण चालेल का?" "नाव काढू नका साबननं!" आई तज्ज्ञासारखी डाफरली. सारिकाच्या टेबलापाशी चिटपाखरू नव्हतं. तरी तिला आईचे इतके उपकार वाटत होते की डोळे भरून आले.

निघताना आबांनी डबी बंद केली. सारिकाने हात पुढे केला.

"तू नको," आबा म्हणाले आणि त्यांनी डबी आईच्या हातात ठेवली. "हिच्याइतकं आता कोणी जपणार नाही."

बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आणि सर्वांत जोरात सारिकाने.